‘यायला नको’ आणि ‘मस्ट नॉट’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावर गेल्या काही आठवड्यांपासून इंग्रजीचे छोटे पाठ येत आहेत. त्यांतील साहाय्यक क्रियापदांवरचा, म्हणजे शाळेत ज्यांना ‘मोडल ऑक्झिलरी’ म्हणतात त्यांच्यावरचा पाठ मी कापून ठेवला आहे. डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ असा तो तक्ता आहे. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे कदाचित, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच आणि वुड म्हणजे विलचा भूतकाळ. हा तक्ता मला नवा नाही. कराड तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि त्यांपैकी पहिली दहा-बारा वर्षे हाच तक्ता फळ्यावर लिहून मुलांकडून घोकून घेतला. त्यामुळे हे पत्र तक्रारीचे असले, तरी त्या तक्रारीतला काही भाग माझ्याच नावावर जमा आहे, हे आधीच सांगून टाकते.

हे लिहायला निमित्त घडले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे. ती पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करते. तिच्या कामाचे वरिष्ठ इंग्लंडमध्ये बसतात आणि त्यांच्याशी तिचा सगळा व्यवहार लेखी इंग्रजीत चालतो. एका बैठकीत त्यांचे काही काम नव्हते आणि त्यांच्याकडे ती वेळ पहाटेची होती, म्हणून तिने चांगल्या मनाने त्यांना कळवले, ‘यू मस्ट नॉट कम टु द मीटिंग टुमॉरो.’ उत्तर आले ते एका ओळीचे आणि कोरडे, की हे कोणी ठरवले? तिने मला फोन केला. “बाई, मी तर त्यांची झोप वाचवत होते. ‘उद्या तुम्हाला यायला नको’ एवढंच म्हणायचं होतं मला.” तिला म्हणायचे होते ‘नीड नॉट’ आणि लिहिले गेले ‘मस्ट नॉट’. पहिल्याचा अर्थ ‘नाही आलात तरी चालेल’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘याल तर खबरदार’. नववीत या मुलीला इंग्रजीत शंभरापैकी एक्क्याण्णव गुण होते आणि ते मीच दिले होते.

ती कशी चुकली, याचा विचार करताना माझ्या लक्षात आले की चूक इंग्रजीच्या अज्ञानातून आलेली नव्हती. ती आपल्या ‘नको’ या शब्दातून आली होती. ‘उद्या शाळेत जायला नको’ असे पोर आनंदाने ओरडते, तेव्हा त्या ‘नको’चा अर्थ सुटका असा असतो. ‘त्याने तसे बोलायला नको होते’ असे आपण म्हणतो, तेव्हा तोच ‘नको’ दोष दाखवतो. ‘आता बाहेर जायला नको, अंधार झालाय’ यात तो सल्ला देतो. मराठी कानाला यांतला फरक सुरावरून, प्रसंगावरून आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बिनचूक कळतो. इंग्रजीत मात्र सुटकेसाठी ‘नीड नॉट’ किंवा ‘डोन्ट हॅव टु’, दोषासाठी ‘शुड नॉट हॅव’ आणि बंदीसाठी ‘मस्ट नॉट’ अशी वेगवेगळी घरे आहेत, आणि पत्र एकदा चुकीच्या घरात पडले की ते परत आणता येत नाही. तक्त्यात ‘मस्ट म्हणजे पाहिजेच’ असे शिकलेला मुलगा त्याला ‘नॉट’ जोडतो आणि आपण ‘पाहिजेच असे नाही’ म्हणालो, अशा समजुतीत राहतो. इंग्रजीत ते ‘नॉट’ मस्टला रद्द करत नाही. मस्ट जागच्या जागी राहतो आणि पुढची क्रिया नाकारली जाते, म्हणजे ‘न येणे’ हेच सक्तीचे होते. हा मुद्दा पाठ्यपुस्तकात कुठेतरी एका ओळीत असतोही, पण त्याच्यावर एक पूर्ण तास घालवलेला मी फार थोड्या शाळांत पाहिला आहे.

त्याच मुलीने दुसऱ्या एका संदेशात लिहिले होते, ‘यू मस्ट हॅव टोल्ड मी अर्लिअर.’ तिला म्हणायचे होते, ‘तुम्ही मला आधी सांगायला पाहिजे होते.’ वाचणाऱ्याने त्याचा अर्थ घेतला, ‘तुम्ही मला आधी सांगितलेच असणार.’ एक वाक्य तक्रारीचे आणि दुसरे तर्काचे. हीसुद्धा तक्त्याचीच देणगी आहे. पाहिजे म्हणजे मस्ट, होते म्हणजे हॅव, की झाले वाक्य तयार. खरे तर ‘सांगायला पाहिजे होते’ याला इंग्रजीत ‘शुड हॅव टोल्ड’ लागते आणि ‘सांगावे लागले’ याला ‘हॅड टु टेल’ लागते. ‘मस्ट हॅव’ ही जोडी भूतकाळातल्या सक्तीसाठी वापरतच नाहीत, ती मागे घडलेल्या गोष्टीचा अंदाज बांधण्यासाठी राखून ठेवलेली आहे. मराठी माणसाच्या इंग्रजीतली ही इतकी रुळलेली चूक आहे की चांगले शिकलेले लोकही ती करतात आणि समोरचाही मराठीच असला, तर कोणाला काही खटकत नाही.

आता मुद्द्यावर येते. ही क्रियापदे शिकवताना आपण इंग्रजी शब्दापासून सुरुवात करतो आणि त्याला एकेक मराठी शब्द चिकटवतो. माझे म्हणणे असे आहे की सुरुवात मराठी क्रियापदापासून करायला हवी, कारण जे काम इंग्रजी ही दहा-बारा छोटी क्रियापदे लावून करते, ते मराठी मुख्यतः क्रियापदाच्या शेवटाने करते आणि ते शेवट मुलाला आईच्या दुधाबरोबर मिळालेले असतात. ‘जावे’, ‘जायला हवे’, ‘जावे लागते’, ‘जाऊ नये’, ‘जाता कामा नये’, ‘गेला असावा’, ‘गेला असेल’, ‘गेलाच असणार’, ‘गेला असता’, ‘जाववत नाही’ हे सगळे सातवीतले पोर बोलताना कधी चुकवत नाही. मराठीच्या तासाला त्याला क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात, ते म्हणजे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. विध्यर्थातून कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता व्यक्त होते, असेही ते पाठ करते. पुढच्या तासाला इंग्रजीच्या बाई येतात आणि कर्तव्य, परवानगी, शक्यता हेच शब्द इंग्रजीत फळ्यावर लिहितात. या दोन तासांमधल्या भिंतीला खिडकी पाडण्याचे कोणाला सुचत नाही. आमच्या शाळेत मराठीचे सर आणि मी सतरा वर्षे एकाच खोलीत डबा खाल्ला, पण विध्यर्थावर आमचे बोलणे झाले ते माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी.

इंग्रजीतील या शब्दांचा चमत्कारिकपणा मुलांना जाचतो. ‘ही गोज’ म्हणायचे, पण ‘ही कॅन्स’ म्हणायचे नाही. ‘वॉन्ट टु गो’ चालते, पण ‘मस्ट टु गो’ चालत नाही. हे का, असे विचारले की आम्ही ‘तसा नियमच आहे’ असे सांगून मोकळे होतो. वास्तविक मराठीतही अशीच बिघडलेली क्रियापदे आहेत आणि आपले व्याकरण त्यांना अनियमित क्रियापदे म्हणून वेगळे बसवते. ‘पाहिजे’, ‘नको’, ‘नये’ आणि अभंगांतून कानावर पडणारे ‘नलगे’ ही त्यांतलीच. ‘नये’चा भविष्यकाळ कोणी करून दाखवावा. ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ या धातूचे जुन्या मराठीतले कर्मणी रूप आहे, म्हणजे ‘पाहिले जाते, शोधले जाते’ असा त्याचा अर्थ होता. पुढे ते रूप एकटेच उरले आणि त्याला गरजेचा अर्थ चिकटला. मस्टची कथाही अशीच आहे. जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचे ते भूतकाळी रूप होते. त्याचे वर्तमानकाळी रूप विरून गेले आणि भूतकाळी रूपच वर्तमानात येऊन बसले. म्हणूनच मस्टला स्वतःचा भूतकाळ नाही आणि तेथे ‘हॅड टु’ उसने आणावे लागते. हे दोन अनाथ शब्द शेजारी ठेवून शिकवले की मुले हसतात आणि ती गोष्ट त्यांच्या लक्षात राहते.

याहून सुंदर जुळणी ‘लागणे’ची आहे. ‘मी सुताराचे दोनशे रुपये देणे लागतो’ आणि ‘मला उद्या जावे लागते’ या दोन वाक्यांत एकच क्रियापद आहे. मराठीत कर्तव्य हे कर्जासारखे अंगाला लागते. इंग्रजीतल्या शॅलचा मूळ अर्थ देणे असणे, ऋणी असणे असाच होता आणि ‘ऑट टु’ हे तर ‘ओ’ म्हणजे देणे लागणे या क्रियापदाचेच जुने भूतकाळी रूप आहे. कॅनच्या मुळाशी जाणण्याचा अर्थ आहे आणि संस्कृतातील ‘ज्ञा’ व आपले ‘जाणणे’ त्याच लांबच्या घराण्यातले आहेत. ही माहिती परीक्षेत विचारली जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या वर्गात मी ती सांगितली, त्या वर्गात ‘कॅन एबल टु’ लिहिणारी मुले कमी झाली, कारण कॅनमध्ये येण्याची कला आधीच भरलेली आहे, तेथे आणखी ‘एबल’ कशाला ओतायचे, हे त्यांना पटले.

मस्ट आणि ‘हॅव टु’ यांतला फरक इंग्रजीच्या पुस्तकांतून वाचला, तर डोके दुखते. सक्ती बोलणाऱ्याच्या मनातली असेल तर सहसा मस्ट आणि परिस्थितीने किंवा नियमाने लादलेली असेल तर ‘हॅव टु’, असे तेथे लिहिलेले असते. मराठीत हाच भेद आपण रोज करतो. ‘मला आता व्यायाम करायलाच हवा’ असे माणूस स्वतःच्या मनाला बजावतो आणि ‘मला रोज गोळी घ्यावी लागते’ असे डॉक्टरांच्या नावाने सांगतो. ‘हवा’ आणि ‘लागते’ एकमेकांच्या जागी घालून पाहिले की मुलांना लगेच वाक्य वाकडे झालेले जाणवते. मग त्यांना इंग्रजीचा नियम निराळा पाठ करावा लागत नाही.

कुडच्या बाबतीत तर मराठी इंग्रजीहून काटेकोर आहे. ‘मी काल शेवटची एसटी पकडू शकलो’ हे वाक्य आपली मुले ‘आय कुड कॅच द लास्ट बस’ असे लिहितात. इंग्रज माणूस एकदाच जमलेल्या अशा गोष्टीसाठी ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ म्हणतो. कुड तो पूर्वी असलेल्या कायमच्या क्षमतेसाठी ठेवतो, जसे लहानपणी नदीत पोहता येणे. मराठीत ‘शकलो’ आणि ‘शकत असे’ ही दोन रूपे वेगळी आहेतच. ‘शकत असे’, ‘पोहता यायचे’ या रीतिभूतकाळाला कुड आणि ‘शकलो’ला ‘वॉज एबल टु’, एवढे सांगितले की काम भागते. नकारात मात्र दोन्हीकडे कुड चालते, ‘आय कुड नॉट कॅच द बस’ यात काही चूक नाही. वुडचेही तसेच. ‘आजी रोज रात्री गोष्ट सांगत असे’ यातला ‘असे’ म्हणजे वुड. तो ‘विलचा भूतकाळ’ आहे, असे सांगून आपण मुलाच्या हाती नुसते लेबल देतो.

वुडवर थोडे थांबते, कारण इंग्रजी लिहिणाऱ्या आपल्या कार्यालयांनी या शब्दाचे फार हाल केले आहेत. पाणीपुरवठ्याच्या एका सूचनेत मी वाचले, ‘द सप्लाय वुड रिमेन क्लोज्ड ऑन मंडे.’ सोमवारी पाणी येणार नाही, एवढेच सांगायचे होते आणि त्याला विल पुरेसे होते. वुड वाचल्यावर इंग्रजी जाणणारा माणूस पुढचे वाक्य शोधतो, की बंद राहिला असता, पण कधी? कोणत्या अटीवर? आपल्याकडे असा समज पसरला आहे की वुड हे विलचे सुशिक्षित, अदबीचे रूप आहे. अदब ‘वुड यू’ अशा विनंतीत असते, वेळापत्रकात ती घालून भागत नाही. दहावीच्या वेळापत्रकावर ‘परीक्षा अकरा वाजता सुरू झाली असती’ असे छापले, तर पालक शाळेवर मोर्चा आणतील. इंग्रजीत तसेच काहीसे छापले जाते आणि कोणी हू की चू करत नाही.

संकेतार्थाची चूक तर थेट आपल्या व्याकरणाची सावली आहे. ‘तो आला असता, तर मी गेलो असतो’ या वाक्यात ‘असता-असतो’ दोन्ही बाजूंना आहे. मुलगा दोन्ही बाजूंना ‘वुड हॅव’ घालतो. इंग्रजी अटीच्या बाजूला नुसते ‘हॅड’ ठेवते आणि वुडला फक्त फळाच्या बाजूला बसवते. अमेरिकेत बोलताना बरेच लोक दोन्हीकडे वुड घालतात, हे मला परदेशी राहणाऱ्या भाच्याने हसत हसत सांगितले. तेव्हा या चुकीवर मी आता लाल शाई जरा पातळ वापरते.

अंदाजाच्या बाबतीत मात्र मी सवलत देणार नाही. ‘तो आता घरी असेल’, ‘तो घरी असावा’ आणि ‘तो घरीच असणार’ या तीन वाक्यांत खात्री पायरीपायरीने वाढते. साधारणपणे पहिल्याला मे किंवा माइट, दुसऱ्याला ‘प्रोबॅब्ली’सारखा शब्द किंवा शुड आणि तिसऱ्याला मस्ट. आपली मुले ‘असेल’ दिसले की भविष्यकाळ समजून विल लावतात आणि नुसत्या शंकेचे आश्वासन करून टाकतात. पोलीस पंचनाम्याचे, वैद्यकीय अहवालाचे किंवा विम्याच्या दाव्याचे इंग्रजी करताना हा घोटाळा झाला, तर ‘आग शॉर्टसर्किटने लागली असावी’ या सावध वाक्याचे ‘लागली’ असे ठाम विधान होऊन बसते. आणि तिसऱ्या वाक्याचा नकार पाहा. ‘तो घरी नसणारच’ याला इंग्रजीत बहुधा ‘कान्ट बी’ म्हणतात. मस्टला नॉट जोडण्याची सवय येथेही आडवी येते.

एखादा वाचक म्हणेल की समजले म्हणजे झाले, एवढा कीस कशाला काढायचा? मग राज्यघटना उघडावी. अनुच्छेद ७४ मध्ये राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, एवढेच सुरुवातीला म्हटले होते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपती त्या सल्ल्यानुसार वागतील, अशी भर घातली आणि तेथे शब्द वापरला शॅल. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने पुढे जोडले की राष्ट्रपती तो सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतील, येथे शब्द आला मे; आणि फेरविचारानंतर आलेल्या सल्ल्याप्रमाणे त्यांनी वागायचे, येथे पुन्हा शॅल. देशाच्या सर्वोच्च पदाला मोकळीक किती आणि बंधन किती, हे या दोन छोट्या शब्दांनी आखून दिले आहे. बरे, शॅल म्हटले म्हणजे नेहमी सक्तीच, असेही नाही. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, असे अनुच्छेद ३२० मध्ये शॅल वापरूनच म्हटले आहे. तरीही १९५७ मध्ये उत्तर प्रदेशातील एका सरकारी कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ती तरतूद बंधनकारक स्वरूपाची नाही आणि सल्ला न घेतल्यामुळे कारवाई रद्द होत नाही. उलट बाजूने, जेथे अधिकाराला कर्तव्य जोडलेले असते, तेथे मेचा अर्थ न्यायालयांनी सक्तीचा लावल्याची उदाहरणेही आहेत. अनुच्छेद ३४८ प्रमाणे राज्याचा कायदा मराठीत झाला, तरी राजपत्रात राज्यपालांच्या अधिकाराने प्रसिद्ध झालेला त्याचा इंग्रजी अनुवाद अधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे ‘करील’, ‘करता येईल’ आणि ‘करावे’ यांची इंग्रजी रूपे निवडणाऱ्या अनुवादकाच्या हाती केवढे काम असते, याचा विचार करावा.

ज्यांना कायद्याशी घेणेदेणे नाही, त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण आहे. इंटरनेट ज्या नियमांवर चालते, त्या नियमांच्या टिपणांत मस्ट, शॅल, शुड आणि मे या शब्दांचे नेमके अर्थ काय, एवढेच सांगणारे एक स्वतंत्र टिपण मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. आरएफसी २११९ हा त्याचा क्रमांक. त्यानुसार मस्ट म्हणजे अपवाद नसलेली सक्ती आणि शॅलही तेच. शुड म्हणजे सबळ कारण असेल तर सोडता येईल, पण परिणाम नीट तोलून. मे म्हणजे खरोखर ऐच्छिक. हिंजवडीत किंवा खराडीत बसून संगणकाची मानके वाचणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे टिपण माहीत असते. गंमत अशी की यंत्राला सूचना देताना ती हा भेद काटेकोरपणे पाळतात आणि माणसाला लिहिताना विसरतात.

शॅलबद्दल आणखी एक. माझ्या पिढीने ‘आय शॅल, वी शॅल, बाकी सगळ्यांना विल’ असे पाठ केले. हा नियम १६५३ मध्ये जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने मांडला, त्याच वॉलिसने ज्याने दोनच वर्षांनी अनंताचे आडवे आठासारखे चिन्ह रूढ केले. बुडणाऱ्या परक्या माणसाने शॅल आणि विलची अदलाबदल केली, ‘मी बुडणारच, मला कोणी वाचवायचे नाही’ असा त्याचा अर्थ झाला आणि काठावरचे इंग्रज स्वस्थ उभे राहिले, असा एक जुना विनोद आहे. आजच्या बोलण्यात तो नियम जवळपास उरलेला नाही. शॅल उरला आहे तो ‘शॅल आय?’, ‘शॅल वी?’ अशा विचारणेत, म्हणजे आपल्या ‘येऊ का?’, ‘निघू या का?’मध्ये, आणि कायद्यात. तरीही काही शिकवण्यांमध्ये तो नियम अजून घोकवला जातो आणि ‘येऊ का?’ला ‘कॅन आय कम?’ एवढेच शिकवले जाते.

विनंतीचा भाग मी थोडक्यात आटोपते. मराठीत आदर ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि ‘जरा’ यांत असतो. आजच्या इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद राहिलेला नाही, म्हणून तो भार कुड, वुड आणि मे यांच्यावर पडतो. आपण ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ पेरतो आणि क्रियापद मात्र आज्ञार्थातच ठेवतो. मग समोरच्याला हुकूम ऐकू येतो आणि आपल्याला तो उगीच चिडला, असे वाटते.

आता आपल्या दैनिकाला थोडा बोचरा मुद्दा. इंग्रजीच्या या क्रियापदांनी उलट दिशेने मराठीतही घर केले आहे. बँकेचा संदेश येतो, ‘आपण खालील क्रमांकावर संपर्क करू शकता.’ दुकानातली मुलगी म्हणते, ‘मी आपली काय मदत करू शकते?’ पाहुण्याला ‘आपण इथे बसू शकता’ असे सांगतात. जिथे ‘संपर्क साधावा’, ‘काय हवे आपल्याला?’ आणि ‘बसा ना’ असे म्हणत होतो, तिथे प्रत्येक ठिकाणी कॅनचा शिक्का मारलेला ‘शकणे’ येऊन बसला आहे. आपल्या पहिल्या पानावरही ‘निवडणूक पुढे ढकलली जाऊ शकते’, ‘पाऊस वाढू शकतो’ असे मथळे मी जवळजवळ रोज वाचते. पावसाला क्षमता असते का, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. ‘पाऊस वाढण्याची शक्यता’ हे मथळ्याच्या रुंदीत मावत नाही, ही उपसंपादकांची अडचणही मी समजू शकते. (पाहा, मीही ‘शकते’च लिहिले. ‘समजते’ एवढे पुरले असते.) ज्या मुलाच्या कानावर मराठीतच ‘शकणे’ सगळ्या कामांना जुंपलेले पडते, त्याला परवानगी, क्षमता आणि संभव यांतला इंग्रजी भेद कळायला मग आणखी जड जातो.

२००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले, त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. वर्षे वाढली, पण या क्रियापदांपुरती रीत तीच राहिली. वाक्यात रिकामी जागा द्यायची आणि मुलाने कंसातला योग्य शब्द भरायचा, किंवा वाक्यातला मस्ट ‘सक्ती’ दाखवतो की ‘सल्ला’, ते ओळखायचे. मी तपासलेल्या शेकडो उत्तरपत्रिकांत मुलांनी लेबले बरोबर लावली होती आणि त्याच उत्तरपत्रिकेतल्या पत्रलेखनात हीच क्रियापदे चुकवली होती. एका मुलाने मामाला पत्र लिहिताना शेवटच्या ‘लोभ असावा’चे ‘लव्ह शुड बी’ असे केले. तेव्हा मी त्याचा अर्धा गुण कापला. आज वाटते, त्या मुलाने निदान विध्यर्थ ओळखला होता. फक्त विध्यर्थातल्या इच्छेला त्याने कर्तव्याचे कपडे घातले होते. इच्छेसाठी इंग्रजीत वाक्याच्या आरंभी मे येतो, जसे नववधूला ‘मे यू बी हॅपी’ म्हणतात, हे मी त्याला कधी सांगितलेच नव्हते.

म्हणून आपल्या विद्यार्थी पानासाठी एक सुचवावेसे वाटते. तक्ता काढून टाकावा आणि दर आठवड्याला मराठी वाक्यांची एक जोडी द्यावी. ‘यायला नको’ आणि ‘येऊ नका’. ‘सांगायला हवे होते’ आणि ‘सांगितले असणार’. ‘शकलो’ आणि ‘शकत असे’. कोण कोणाला बोलत आहे, हे एका ओळीत सांगावे, मुलांना आधी मराठीतला फरक स्वतःच्या शब्दांत लिहू द्यावा आणि मगच दोन्हींची इंग्रजी रूपे द्यावीत. मराठी आणि इंग्रजी शिकवणाऱ्या दोन शिक्षकांनी मिळून हा मजकूर लिहिला, तर फारच चांगले. मुलांच्या चुकांच्या माझ्याकडे तीन वह्या आहेत. चुकलेले वाक्य डावीकडे आणि ‘तुला काय म्हणायचे होते?’ असे विचारल्यावर मुलाने दिलेले मराठी उत्तर उजवीकडे, अशी त्यांची मांडणी आहे. मुलांची नावे मी त्यांत कधीच लिहिली नाहीत. आपल्या संपादकीय विभागातील कोणाला त्या उपयोगी वाटल्या, तर पुढच्या महिन्यात पुण्याला येणे आहे, तेव्हा कार्यालयात आणून देईन. पोस्टाने पाठवायला मन धजत नाही.

त्या मुलीने वरिष्ठांना दुसरा संदेश पाठवला. तो आम्ही फोनवर मिळून तयार केला आणि त्यात ‘नीड नॉट’च्या आधी तिने स्वतःहून ‘आय शुड हॅव सेड’ असे घातले. मी काही सुचवले नव्हते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका
कराड, जि. सातारा